साठ दिवसांचा शिधा: वाशीच्या बाजारातून शिडाच्या नौकेत

नौदलाची ५६ फुटी ‘तारिणी’ २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाली, ती ३८ दिवसांनी ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला लागली. नौकेवर दोघीच अधिकारी. अशा टप्प्याचा शिधा दीडपट धरावा, म्हणजे ६० दिवसांचा. विषुववृत्तापाशी वारा पडला की नौका जागची हलत नाही, भूक मात्र वेळेवर लागते.

आधी पाणी. पिणं-रांधणं मिळून माणशी दिवसाला ३ लिटर, म्हणजे दोघांना ३६० लिटर. खारं पाणी गोडं करणारं यंत्र असलं तरी एवढं भरून घ्यायचंच, कारण बॅटरी बसली की ते यंत्रही बसतं. सगळं पाणी एका टाकीत ठेवू नका. एका टाकीत खारं पाणी किंवा डिझेल शिरलं तरी दुसरी शाबूत राहायला हवी. ४०-५० लिटर कॅनमध्ये वेगळं ठेवा, आणि कॅन गच्च भरू नका. नौका सोडायची वेळ आली तर ते पाण्यावर तरंगले पाहिजेत.

खरेदी वाशीच्या एपीएमसी बाजारात. दोघांना बटाटे १५ किलो, कांदे १२ किलो पुरतात. सप्टेंबरअखेरीस कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा येतो, त्यातला सुक्या सालीचा, घट्ट मानेचा निवडा. मान मऊ लागली की तो आतून सडायला लागलेला समजा. बटाटा बहुधा शीतगृहातला असतो. बाहेर काढला की त्याला घाम फुटतो, म्हणून दोन दिवस सावलीत पसरून कोरडा करा. धुऊ मात्र नका. कांदे-बटाटे एकत्र ठेवले की बटाट्याचा ओलावा कांद्याला लागतो आणि दोन्ही लवकर जातात. जाळीच्या पिशव्या वेगवेगळ्या टांगा, आणि झोके खाऊन भिंतीवर आपटणार नाहीत अशा दोन्ही टोकांनी बांधा. अंडी न धुतलेली, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. दर दोन दिवसांनी उलटी करा आणि फोडताना आधी वाटीत.

पुठ्ठ्याचं एकही खोकं नौकेवर चढता कामा नये. त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. डब्यांवरची कागदी लेबलं किनाऱ्यावरच काढा, नाहीतर भिजून सुटतात आणि तळातल्या पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतात. आत काय आहे ते झाकणावर पक्क्या शाईने लिहा. तांदूळ, डाळी दोन-दोन लिटरच्या बाटल्यांत भरा. एक फुटली तर तेवढंच नुकसान. जड सामान तळाशी, डोलकाठीच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारखं. नाळेत, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकात, वजन टाकलं की नौका लाटेत नाक खुपसते.

रांधायला प्रेशर कुकरच. गॅस वाचतो आणि नौका कलली तरी झाकण सुटत नाही. खिचडीला चार भाग गोडं पाणी, एक भाग समुद्राचं, आणि वरून मीठ नको. हे खोल समुद्रात. ठाण्याच्या खाडीच्या पाण्यावर सराव करू नये! बर्नर तासाला साधारण १७० ग्रॅम गॅस खातो. रोज तासभर धरला तर ५ किलोचे दोन सिलिंडर किंचित कमीच पडतात, म्हणून तिसरा ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळात साचतो आणि एका ठिणगीत भडकतो. म्हणून स्वयंपाक झाला की नुसतं शेगडीचं बटण नव्हे, सिलिंडरची झडपही बंद करायची.