१८८० च्या काळातली आपोआप वाजणारी शाळेची घंटा घरी कशी बनवायची

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी आणि तीच पवनचक्की असते, म्हणून यावेळी हे करून बघा. आपल्याकडे शिपाईमामा घड्याळ बघून हाताने टोल द्यायचे, कित्येक शाळांत अजूनही रुळाचा तुकडाच टांगलेला असतो. पण १९व्या शतकाच्या शेवटाकडे अमेरिकेतल्या मोठ्या शाळांमध्ये एक मुख्य घड्याळ सगळ्या वर्गांतल्या घंट्या विजेवर वाजवायला लागलं. विजेच्या घड्याळाचं पेटंट अलेक्झांडर बेनने १८४१ मध्येच घेतलं होतं, आणि स्टँडर्ड इलेक्ट्रिक टाइम नावाची कंपनी १८८४ ला कनेक्टिकटमध्ये निघाली. म्हणजे इकडे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि हुजूरपागा (१८८४) सुरू होत होत्या तोच हा काळ.

आधी मुख्य गोष्ट समजून घ्या, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर डोकं धराल. घंटा वाजवणं सोपं आहे हो, अवघड आहे ती ५ सेकंदांत थांबवणं. तासकाट्यावर एक पट्टी लावली आणि ती ११ वाजता तारेला टेकली की सर्किट पूर्ण, घंटा सुरू, पण तासकाटा इतका हळू सरकतो की ती पट्टी ३-४ मिनिटं टेकलेलीच राहते आणि घंटा तोवर कोकलत बसते. त्या लोकांनी यावर उपाय काढला तो म्हणजे दोन कॉन्टॅक्ट एकापाठोपाठ, सिरीजमध्ये. हळू चाक फक्त "आता वाजवायला हरकत नाही" एवढं ठरवतं आणि जलद चाक नेमका क्षण पकडतं. दोन्ही एकदम टेकले तरच घंटा. मोठ्या मास्टर क्लॉकमध्ये सेकंदाचा लोलक असायचा, जवळजवळ १ मीटर लांब, त्याच्या ३० दात्यांच्या चाकाचा मिनिटाला एक फेरा व्हायचा, मग जलद कॉन्टॅक्ट त्याच्यावरून घेता यायचा. आपल्याकडे ते नाही, आपण मिनिटकाटा वापरू.

सामान: चावीचं लोलकवालं भिंतीवरचं घड्याळ (पुण्यात असाल तर जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जा, केस मोडकी असली तरी चालेल, मशीन चालू हवं). क्वार्ट्झ घड्याळ घेऊ नका, त्याच्यात ताकद नसते आणि आतली चाकं प्लॅस्टिकची. तपकीर गल्लीतून ५ व्होल्टचा रिले (थोड्या करंटवर चालू-बंद होणारा स्विच), १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देतो तो), तांब्याची चिकटपट्टी आणि ६ व्होल्टची घंटी. पितळी खिळे बोहरी आळीत.

आता चकती. जाड कार्डशीटची २० सेंमी व्यासाची गोल चकती कापा आणि तासकाटा काढून त्याच्या जागी बसवा, ती १२ तासांत एक फेरा घेईल. कडेवर ५-५ मिनिटांच्या १४४ खुणा करा, दोन खुणांमध्ये साधारण ४.४ मिमी येतात. ज्या वेळेला घंटा हवी त्या खुणेवर तांब्याच्या पट्टीचा ३ मिमी रुंद तुकडा आणि तिथून मध्यापर्यंत तीच पट्टी, तासकाट्याच्या पितळी नळीला नीट टेकलेली. आणि हे लक्षात ठेवा की इथे चकती फिरते, तिच्या कडेवर घासणारी स्प्रिंगची तार जागेवर असते, म्हणून पुढच्या वेळांच्या खुणा घड्याळाच्या उलट दिशेने मांडायच्या. पोरं हमखास सुलट मांडतात आणि मग सुट्टी आधी, प्रार्थना नंतर असं होतं.

मिनिटकाट्याला पातळ तार जोडून तो मध्यापासून १३ सेंमी लांब करा, मागच्या टोकाला तेवढंच वजन द्या नाहीतर वर चढताना काटा रखडेल. तारेच्या टोकाला फ्लेक्स वायरमधली एकच केसासारखी तार. त्या टोकाच्या वाटेवर, डायलच्या बाहेर प्लायच्या कड्यावर १ मिमी जाडीचे १२ पितळी खिळे (दर ५ मिनिटांना एक) ठोका आणि मागून एका तारेने सगळे जोडा. टोक सेकंदाला ०.२ मिमीपेक्षा किंचित जास्त सरकतं, म्हणजे एका खिळ्यावर साधारण ४-५ सेकंद. नीट बघत बसा त्या वेळी, केसाची तार खिळ्याला येऊन टेकते, थोडी वाकते, रिले टक् करतो, आणि मग ती सुटून पुढे उडी मारते. तार जाड घेतली तर वाकत नाही, घड्याळच बंद पडतं.

वायरिंग इतकं सुंदर आहे की मला फार आवडतं: बॅटरीची एक तार चकतीवर घासणाऱ्या स्प्रिंगला, तिथून करंट चकतीतून घड्याळाच्या पितळी मशीनमध्ये, तिथून मिनिटकाट्यात, खिळ्यात, रिलेत आणि परत बॅटरीत. मशीन स्वतःच मधली वायर! मल्टिमीटरने बीप बघून घ्या, तुटत असेल तर तेल जास्त झालंय, पुसा. डायोड रिलेच्या कॉइलवर उलटा लावा, नाहीतर प्रत्येक वेळी ठिणगी पडून टोकं जळतात, जुने लोक यासाठी प्लॅटिनमची टोकं वापरायचे. घंटीला वेगळी बॅटरी, रिलेमधून. घरातली २३० व्होल्टची लाइन या घड्याळाजवळ आणायचीच नाही.

बॅटरी साधी झिंक-कार्बन घ्या, कारण ती १८६६ च्या लेक्लांशे सेलचीच कोरडी आवृत्ती आहे. मूळ सेलमध्ये जस्ताची कांडी, कार्बन, मँगनीज डायऑक्साइड आणि पाण्यात विरघळवलेला नवसागर, तोच जो तांबट आळीत कल्हई करताना टाकतात. सलग करंट घेतला की तो सेल मंदावतो, विश्रांती दिली की परत उभा राहतो, म्हणून ५ सेकंद वाजून अर्धा तास गप्प बसणाऱ्या घंटेला तो अगदी फिट बसला.

वेळ लावताना: २५ सेंमीच्या लोलकाचं वजन १ मिमी खाली केलं की दिवसाला जवळपास ३ मिनिटं मागे, वर केलं की पुढे. घाईघाईने फिरवू नका, एक दिवस थांबून बघा. लंडनमध्ये अचूक लावलेलं घड्याळ तसंच पुण्यात टांगलं तरी रोज सुमारे २ मिनिटं मागे पडेल, कारण इथे गुरुत्वाकर्षण थोडं कमी. आणि फलकावर १८८० लिहिणार असाल तर सूर्याप्रमाणे पुण्याची वेळ आजच्या घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे, रेल्वेत तेव्हा मद्रासची वेळ चालायची, आजची भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. तो फरक फलकावर नक्की दाखवा.

शेवटचं म्हणजे १२ तासांची चकती रात्रीही वाजणार, सकाळ अधिवेशनाची ७ ची घंटा संध्याकाळी ७ लाही होणार. जुन्या मशीनमध्ये यासाठी २४ तासांचं चाक आणि रविवारी गप्प बसवायला ७ दात्यांचं चाक असायचं. आपण रिलेच्या आधी एक साधा स्विच लावायचा आणि प्रदर्शनाचा हॉल बंद करताना तो आठवणीने ऑफ करायचा.