नाऊराचं नौदल विमान संग्रहालय कसं पाहावं: सिडनीहून निघणाऱ्या मराठी मंडळींसाठी

सिडनीतली मराठी घरं लाँग वीकेंडला जर्व्हिस बेला जातात. हायम्स बीचची पांढरी वाळू, डॉल्फिन बघायची बोट, येताना बेरीत गरम डोनट. वाटेत नाऊरा लागतं, तिथे पेट्रोल भरून सगळे पुढे निघतात. मीही सात वर्षं तशीच गेले. मग बाबा भारतातून तीन महिन्यांसाठी आले आणि त्यांनीच नकाशावर बोट ठेवलं, "अगं, इथे फ्लीट एअर आर्मचं म्युझियम आहे. मेलबर्नची विमानं असणार तिथे."

बाबा दापोलीकडचे. सत्तरच्या दशकात जुन्या विक्रांतवर कॅटापल्ट सेक्शनमध्ये होते. कॅटापल्ट म्हणजे विमानाला डेकवरून जोराने पुढे फेकणारं यंत्र. एच.एम.ए.एस. मेलबर्न ही ऑस्ट्रेलियाची विमानवाहू नौका, विक्रांतची सख्खी बहीण. दोघी मॅजेस्टिक वर्गाच्या, दोघी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बांधायला घेतलेल्या आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवट राहिलेल्या. एक ऑस्ट्रेलियाने पुरी करून घेतली, एक आपण. ऑस्ट्रेलियाची १९८२ मध्ये गेली आणि तिच्या जागी दुसरी कधीच आली नाही. हे कसं घडलं ते नाऊराच्या त्या हँगरमध्ये विमानांवरूनच वाचता येतं, फक्त कुठून कुठे बघायचं ते ठाऊक हवं. बाबांबरोबर एकदा आणि नंतर ओळखीच्या चार कुटुंबांना घेऊन मी तिथे गेले. त्यातून जे जमलं ते सांगते.

आदल्या रात्री मुलांकडून एका कागदावर ही सालं लिहून घ्या: १९४८, १९५५, १९६४, १९६७, १९७६, १९८२, १९८३, १९८४. पुढे मोकळी जागा सोडा. ती संग्रहालयात आणि पुढच्या प्रवासात भरायची आहे. हे केलं नाही, तर मुलं हेलिकॉप्टरसमोर फोटो काढून वीस मिनिटांत बाहेर येतात.

गाडीने सिडनीहून अडीच तास धरा. वलंगाँग, कायामा, बेरी करत शोलहेवन नदीचा पूल ओलांडला की नाऊरा. तिथून अल्बाट्रॉस रोडने आठ-दहा किलोमीटर. गाडी नसेल तर कायामाला लोकल बदलून बॉमाडेरीपर्यंत येता येतं, पण तिथून टॅक्सी लागेल. उघडण्याचे दिवस निघण्यापूर्वी तपासा, कारण शेजारी एच.एम.ए.एस. अल्बाट्रॉस हा नौदलाचा चालू तळ आहे. त्याच्या हेलिकॉप्टरांचा आवाज गाडीतून उतरल्या उतरल्या कानावर येतो.

आत गेल्यावर पाय आपोआप मोठ्या, चकचकीत विमानाकडे वळतात. तसं करू नका. आधी पंख्याची विमानं गाठा, सी फ्युरी आणि फायरफ्लाय. ही ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या विमानवाहू नौकेवरची, एच.एम.ए.एस. सिडनीवरची. ती १९४८ च्या डिसेंबरात नौदलात आली आणि १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धात गेली. ११ ऑक्टोबर १९५१ या एका दिवसात तिच्यावरून ८९ उड्डाणं झाली. तीन वर्षांचं नौदल-विमानदळ आणि एका दिवसात ८९! कागदावर १९४८ पुढे हे लिहा.

आता पंखांची मुळं बघा. जहाजावरचं विमान ओळखायची ही पहिली खूण. पंख मिटतो कुठे आणि कसा? सी फ्युरीचा एका बिजागरीवर वर जातो. गॅनेटचा दोन ठिकाणी दुमडतो, इंग्रजी झेडसारखा. ट्रॅकरचे पंख इतके लांब की ते एकमेकांच्या मागेपुढे निजवावे लागतात. मग स्कायहॉक या जेटकडे या आणि मुलांना बिजागरी शोधू द्या. सापडणार नाही. त्याचा पंख मुळातच इतका आखूड आहे की मिटायची गरजच नाही. माझ्या मैत्रिणीच्या नऊ वर्षांच्या मुलाने दोन फेऱ्या मारल्या, मग धावत येऊन म्हणाला, "मावशी, याला घडीच नाहीये!" पुढचं सगळं त्याने लक्ष देऊन ऐकलं.

स्कायहॉकला निदान अर्धा तास द्या. तो बगळ्यासारखा उंच, बारीक पायांवर उभा आहे, त्यामुळे थोडं वाकलं की पोटाखालचं सगळं दिसतं. हात लावू नका, फक्त वाका. शेपटीखाली लांब दांडा आहे, तो हुक. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एक त्या हुकात अडकली तर विमान थांबणार, नाहीतर पूर्ण ताकद लावून पुन्हा वर. पोटाखाली पुढच्या बाजूला आणखी हुक दिसतील, आखूड आणि जाड. बाबा तिथेच थांबले. गुडघे दुखत असताना खाली बसले आणि दोन्ही हातांनी हवेत एक फास केला. म्हणाले, "ब्रायडल. एवढ्या जाडीची तार. मधला भाग कॅटापल्टच्या शटलला, म्हणजे डेकवरून धावणाऱ्या आकड्याला, आणि दोन्ही टोकं विमानाला. आपल्या सी हॉक विमानाला अशीच लावायचो. इंजिन वर ओरडतंय, आपण खाली, आणि हाताने चाचपून बघायचं, नीट बसलीय का. मग वाफ सोडायची."

मी विचारलं, "तुम्हाला कोणी शिकवलं?"

"एका पेटी ऑफिसरने. तो बेलफास्टहून विक्रांत आणली तेव्हाचा, १९६१ चा. मी पुढे दोन पोरांना शिकवलं."

संग्रहालयात हा प्रश्न मनात धरून फिरा: कोणी कोणाला शिकवलं, आणि शिकवणं कुठे थांबलं? नौका गेल्याची तारीख पाटीवर मिळते. ही तारीख मात्र वेगवेगळ्या पाट्या जोडून काढावी लागते.

त्यासाठी सालं भरत चला. १९५५ ला मेलबर्न दाखल झाली, तिरपा डेक, वाफेचं कॅटापल्ट आणि वैमानिकाला उतरण्याचा कोन दाखवणारा आरसा घेऊन. त्या काळी हे तिन्ही एकत्र असलेल्या नौका जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९६७ मध्ये तिने स्वतःच सॅन दिएगोला जाऊन स्कायहॉक आणि ट्रॅकर आणले. पुढे १९७१ मध्ये आणखी स्कायहॉक आले. एकूण वीस घेतले, त्यातले दहा अपघातांत गेले. हा आकडा मुलांना सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगते. लहान डेकवरून जेट उडवणं कसल्या जोखमीचं काम होतं ते त्याशिवाय कळत नाही.

ट्रॅकरपाशी १९७६ भरा. त्या डिसेंबरात याच तळावरच्या हँगरला आग लावली गेली आणि तेरापैकी बारा ट्रॅकर जळाले किंवा पार निकामी झाले. नौदलाने अमेरिकेकडून सोळा दुसरे आणले आणि पथक पुन्हा उभं केलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विमानं जळून गेली तरी दळ संपलं नाही, कारण उडवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं जागेवर होती आणि वर डेक शाबूत होता.

मग १९८२. इथे मुलांना खाली बसवून गोष्टच सांगा, नुसत्या पाटीने भागत नाही. मेलबर्न थकली होती. बदली म्हणून ऑस्ट्रेलियाने ब्रिटनची इन्व्हिन्सिबल ही विमानवाहू नौका साडेसतरा कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं, ते फेब्रुवारी १९८२ मध्ये जाहीर झालं. २ एप्रिलला अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली आणि इन्व्हिन्सिबल विक्रीला जायच्या ऐवजी युद्धाला गेली. तिच्या डेकवरची सी हॅरियर लढाऊ विमानं तिथे इतकी उपयोगी पडली की ब्रिटनला ती सोडवेना, आणि ऑस्ट्रेलियानेही सौदा मोडायला हरकत घेतली नाही. इकडे मेलबर्न ३० मे रोजी सेवेतून निघालीसुद्धा. मार्च १९८३ मध्ये निवडणूक झाली, बॉब हॉक यांचं सरकार आलं आणि काही दिवसांतच जाहीर झालं की नवी विमानवाहू नौका घेणार नाही. १९८४ मध्ये उरलेले दहा स्कायहॉक न्यूझीलंडला विकले, ट्रॅकरही त्याच वर्षी थांबले. फेब्रुवारीत बदली नौका ठरलेली होती, आणि अडीच वर्षांच्या आत जहाजही नाही, विमानंही नाहीत.

लोक याचं खापर फॉकलंडवर किंवा हॉक यांच्यावर फोडतात. मला ते पटत नाही. खरी चूक त्याआधीची: जुनी चालू असतानाच नवी येऊन उभी राहील अशी सोय वेळेवर केली नाही. आपल्याकडे काय झालं ते शेजारी ठेवून बघा. सी हॅरियर १९८३ मध्ये आले, विराट १९८७ मध्ये आली, जुनी विक्रांत १९९७ पर्यंत राहिली. विराट २०१७ मध्ये निघण्यापूर्वी, २०१३ मध्येच विक्रमादित्य ताफ्यात होती. मग २०२२ मध्ये कोचीची नवी विक्रांत. उशीर आपल्याकडेही झाले, पण एकीचा डेक थंड पडायच्या आत दुसरीचा चालू होता. बाबांनी शिकवलेल्या पोरांना पुढे कोणाला तरी शिकवता आलं. मेलबर्नवर बाबांचंच काम करणाऱ्याला १९८२ नंतर शिकवायला समोर कोणी उरलं नाही.

शेवटी हेलिकॉप्टरं बघा. नौदलाकडे हवेत लढायला पुढे तीच राहिली. ती माणसं आणि ते काम मोठंच आहे, तिथे घाई करू नका.

कागदावर १९६४ अजून रिकामं असेल. ते भरायला हस्किसनला जा, जर्व्हिस बेच्या वाटेवरच आहे. तिथे व्हॉयेजरचं स्मारक उद्यान आहे. १० फेब्रुवारी १९६४ च्या रात्री मेलबर्न विमानांचा सराव करत होती. विमान पाण्यात पडलं तर माणसं उचलायला मागे राहणारी विनाशिका होती व्हॉयेजर. ती वळताना मेलबर्नच्या समोर आली आणि मधोमध कापली गेली. ८२ माणसं गेली. तिथे जेवणाचे डबे उघडू नका, आधी दोन मिनिटं शांत उभं राहा.

मग किनाऱ्यावर मुलांना एक काम द्या. मेलबर्नची लांबी २१३ मीटर, विक्रांतचीही तेवढीच. मोठ्या माणसाची साधारण २८० पावलं. वाळूत एक रेघ ओढून मोजत जा आणि दुसऱ्या टोकाला कोणाला तरी उभं करा. ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने येणाऱ्या जेटला यातला एक तुकडाच उतरायला मिळायचा, तोही रात्री, हलणारा. बाबा पलीकडच्या टोकाला उभे राहिले होते. लांबून अगदी लहान दिसत होते, आणि दोन्ही हात पसरून विमान उतरवतात तसे इशारे करत होते.

परत सिडनीत आलात की एखाद्या संध्याकाळी मिसेस मॅक्वायरीज पॉइंटला जा. समोर गार्डन आयलंडचा नौदल तळ दिसतो. नशिबाने कॅनबेरा किंवा ॲडलेड ही नौका धक्क्याला असेल तर तिचा पुढचा भाग बघा. डेक शेवटी वर वळलेला आहे, विमानांनी उडी मारून उडावं म्हणून. स्पेनच्या मूळ आराखड्यातला तो उतार तसाच ठेवला. वर हेलिकॉप्टरं असतात. बाबांनी तो बघितल्यावर मला दोनदा विचारलं, "यावरून काहीच उडत नाही?" मी नाही म्हटलं. अंधार पडेपर्यंत ते कठड्याला टेकून तिथेच उभे होते, म्हणून जाताना एक स्वेटर बरोबर ठेवा. खाडीवरचा वारा गार असतो.