दहावी नाशकात, अमेरिकेचा इतिहास टेक्सासात

बाबांची बदली झाली आणि ऑगस्ट 2022 मध्ये, दहावीचा निकाल लागून दोन महिने होतात न होतात तोच, मी डॅलसजवळच्या एका सरकारी हायस्कुलात अकरावीला जाऊन बसले. धास्ती इंग्रजीची होती. इतिहास काय, पाठ करू, असं वाटत होतं.

आधी क्रेडिटचं, म्हणजे एखादा विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणाऱ्या एककाचं, बघा. टेक्सासात सामाजिक शास्त्रांची तीन क्रेडिट लागतात: जगाचा इतिहास किंवा भूगोल एक, अमेरिकेचा इतिहास एक, गव्हर्नमेंट अर्धं, इकॉनॉमिक्स अर्धं. माझं पहिलं भारतातल्या गुणांवर सुटलं, कारण आईने नववीची गुणपत्रिकाही शिक्का मारून आणली होती. नुसती बोर्डाची आणू नका. अमेरिकेच्या इतिहासाला वर्षाअखेर 'स्टार' नावाची राज्याची परीक्षा असते आणि डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण झाल्याचा दाखला, तिच्याशी बांधलेला असतो. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे, आणि टेक्सासातलेही बदलत असतात, तेव्हा काउन्सेलरला, म्हणजे विषय ठरवायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

मला कोणीच न सांगितलेली गोष्ट म्हणजे हायस्कूलचा हा विषय 1877 पासून सुरू होतो. स्वातंत्र्ययुद्ध, संविधान, यादवी युद्ध हे सगळं इथल्या मुलांचं आठवीत झालेलं असतं. माझं म्हणजे पूर्वरंग हुकला आणि थेट आख्यानात येऊन बसले. माणसं कोण, कुठली, काही कळेना. सुट्टीतच लायब्ररीतून आठवीचं पुस्तक आणून वाचा.

सप्टेंबरात स्वातंत्र्य सप्ताह असतो. त्यात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला ठरावीक उतारा वर्गाने म्हणायचा, असा राज्याचा कायदाच आहे. आपण पुस्तकाच्या पहिल्या पानांवरची उद्देशिका म्हणत आलोय, त्यामुळे म्हणण्याचं काही वाटलं नाही. अडले ते पुढच्या प्रश्नाला: सगळी माणसं समान, असं लिहिणारा जेफरसन स्वतः गुलाम बाळगून होता, मग 'सगळी' म्हणजे कोण? याचं उत्तर कुठल्याच गाइडात नव्हतं.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रावर मी सरळ 'टीप लिहा' छापाचं उत्तर दिलं. जन्म, कार्य, मृत्यू. दहापैकी चार, आणि समासात शेरा: 'यात पत्र कुठे आहे?' ते पत्र आठ गोऱ्या धर्मगुरूंना होतं, 'जरा थांबा' म्हणणाऱ्यांना, हे मी वाचलंच नव्हतं. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की आधी कोपऱ्यात लिहिते: कोणी, कधी, कोणाला, कशासाठी. आणि उत्तरात मूळ मजकुरातली एक तरी ओळ घालते. सनावळीचा तसा जाच नाही. 1898, 1929, 1957, 1968 अशी मोजकीच सालं अभ्यासक्रमात नेमून दिलेली आहेत. जुने पेपर राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्लास लावू नका.

एकदा मात्र माझं पारडं जड होतं. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केलं म्हणून. शाळेत एका गुणाच्या प्रश्नापुरतं ते पाठ होतं. इथे पहिल्याच धड्यात कळलं की त्यानंतर चारच वर्षांत, 1877 ला, दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि मुक्त झालेल्यांचे हक्क पुन्हा हिरावले जाऊ लागले. मी हे वर्गात सांगितलं, तर बाईंनी ती अर्पणपत्रिकाच आणायला लावली. ती इंग्रजीतच आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.

आजच्या राजकारणावर मात्र बाई जपून बोलायच्या. वादग्रस्त चालू विषय काढायची शिक्षकांवर सक्ती करता येत नाही, आणि काढला तर निःपक्षपातीपणे मांडायचा, असा 2021 चा कायदा आहे. त्यामुळे काही प्रश्न नुसते हसण्यावारी गेले तर मनाला लावून घेऊ नका.

बारावीच्या गव्हर्नमेंटला फेडरलिस्ट लेख आहेत, म्हणजे अमेरिकेचं संविधान मंजूर व्हावं म्हणून तेव्हा लिहिलेले लेख. दहावा लेख एका बैठकीत होत नाही. मला तीन संध्याकाळी लागल्या, त्यातली पहिली तर 'फॅक्शन', म्हणजे आपलंच हित पाहणारा गट, या एका शब्दातच गेली.