टँकमधली मारामारी: कोणाला काढायचं, काय हलवायचं

मासा फिल्टरमागे दबून राहिला की तो आजारी आहे असं समजून औषध ओतलं जातं. आधी त्याची शेपटी बघा. कडा पांढरट होऊन झिजत असतील तर तो रोग असू शकतो. पण कडेचा तुकडाच गेला असेल, खवले निघाले असतील, तर त्याला कोणीतरी मारतंय. तिथे औषध कामाचं नाही.

पहिलं काम: मारकुटा ओळखा. टँकला चिकटून उभं राहिलं की मासे खाण्याच्या आशेनं पुढे येतात आणि भांडण थांबतं. दोन हात लांब बसून पंधरा मिनिटं बघा, एकदा खाणं देण्याआधी आणि एकदा देताना. पाठलाग सगळीकडे होतोय की एकाच दगडाभोवती? एंजल माशांची जोडी एखादं पान किंवा काच राखत असेल, तर तिथे अंडी असतील. असं भांडण तात्पुरतं असतं.

मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला काढा. बहुतेकांची चूक इथेच होते. दुबळा मासा काढला की मारकुट्याची हद्द पक्की होते आणि तो दुसरा बकरा शोधतो. मारकुट्याला 15-20 लिटरच्या टबात स्पंज फिल्टर लावून 5 ते 7 दिवस ठेवा. टबावर जाळी हवीच, नाहीतर तो उडी मारेल. टब नसेल तर टँकमध्येच बारीक छिद्रांच्या प्लास्टिक जाळीचा पडदा लावा.

तो बाहेर असताना टँकची मांडणी मोडा. मासा जागा ओळखतो ती दगड-झाडांच्या खुणांवरून. खुणा हलल्या की हद्द पुन्हा सगळ्यांनाच नव्याने आखावी लागते. त्याच दिवशी 30 टक्के पाणी बदला. नवी मांडणी अशी हवी की एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सरळ दिसणार नाही. फुटक्या माठाच्या खापऱ्या (धार घासून), आडव्या कुंड्या आणि आपल्याकडचा काळा बेसॉल्ट दगड यासाठी उत्तम. मात्र आपल्या खान्देशातल्या दगडात अनेकदा पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो दगड पाणी आणखी जड करेल, वापरू नका. प्रत्येक आडोशाला दोन तोंडं ठेवा, एकाच तोंडाच्या बिळात मासा कोंडून मार खातो.

मारकुट्याला परत सोडताना आधी बाकीच्यांना खाऊ घाला, मग दिवा बंद करून सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर लक्ष ठेवा. पुढे खाणं एका जागी न टाकता दोन टोकांना टाका.

आता कोण, किती आणि कोणासोबत याचा हिशेब. टायगर बार्ब तीन-चारच असतील तर ते इतरांचे पर कुरतडतात. आठ-दहा ठेवले की त्यांचं भांडण आपापसांत राहतं. तरी त्यांच्यासोबत एंजल, गुरामी, गप्पी नकोच. गप्पी-मॉलीमध्ये एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. फायटर नर, लाल शेपटीचा शार्क आणि गुरामीचा नर टँकमध्ये एकेकच. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, त्याला भांडण म्हणू नये. फ्लॉवरहॉर्न एकटाच राहू द्या.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत भांडणं वाढतात, आणि त्याला कारण आहे. पाणी गरम झालं की माशाची भूक आणि चळवळ वाढते, तर पाण्यातला ऑक्सिजन घटतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम मावतो, 32 अंशांना 7.3. पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा. आपली कोरडी हवा कूलरला जशी साथ देते तशीच इथेही देते, दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ टाकू नका, एकदम बदललेलं तापमान माशाला सोसत नाही. पंख्यामुळे उडालेलं पाणी बोअरच्या पाण्यानं भरत राहिलं तर क्षार साचतात, म्हणून तेवढी भर आरओच्या पाण्यानं घाला. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीचा एअर पंप जवळ असू द्या.

जखमी मासा मात्र उपचारापुरता वेगळ्या टबात, लिटरमागे 2 ग्रॅम खडे मीठ विरघळवून ठेवा. मीठ एकदम न घालता तासाभरात थोडं थोडं घाला, कॅटफिश किंवा लोच असेल तर निम्मंच. रोज चौथा हिस्सा पाणी बदला, त्यातही मीठ त्याच प्रमाणात. टबाचंच नव्हे, टँकचंही नळाचं पाणी क्लोरीन काढूनच वापरा. परांची कड पारदर्शक वाढू लागली की जखम भरतेय.

दोनदा मांडणी बदलूनही तोच मासा मारत राहिला, तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्याला द्या. जळगावच्या मेहरूण तलावात किंवा गिरणा नदीत सोडू नका, तिथल्या देशी माशांचं तो नुकसान करू शकतो.