विमानाच्या सांगाड्याची देखभाल करताना या चुका टाळा

विमानाचं वय नुसतं तासांत मोजणं ही सगळ्यात जुनी चूक. दर उड्डाणाला केबिनमध्ये दाब भरतो, उतरल्यावर सुटतो, आणि पत्रा थकतो तो त्याने. 1988 मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छप्पर हवेतच उडालं, तेव्हा तास भरले होते साधारण 35 हजार, पण उड्डाणं 89,680! बेटाबेटांतल्या छोट्या फेऱ्या, त्यात खारी हवा. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या (खिळ्यांच्या) रांगेतल्या बारीक भेगा एकमेकींना जाऊन मिळाल्या. भेग वाढेल तशी तपासणीत सापडेल, हा भरवसा तिथे तुटला. तरी सांगाड्याची कमाल मर्यादा ठरवून द्यायचा एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) नियम यायला 2010 उजाडलं. ती मर्यादा संपली, की तपासणीत काही सापडलेलं नसलं तरी विमान उभंच.

दुसरी चूक जास्त महागात पडते: जुनी दुरुस्ती म्हणजे मिटलेला विषय. चायना एअरलाइन्सच्या एका 747 चं शेपूट 1980 साली हाँगकाँगला धावपट्टीवर घासलं. खरचटलेला पत्रा पूर्ण काढून न टाकता वरून डब्लर, म्हणजे मजबुतीसाठी जोडपत्रा, बसवला; ओरखडे खाली तसेच राहिले. पुढे त्या डब्लरच्या कडेने तपकिरी डाग धरले. केबिनमधला सिगारेटचा धूर तिथून बाहेर झिरपत होता. डाग फोटोतही आले होते. 25 मे 2002 ला ते विमान तैवानजवळ हवेतच फुटलं, 225 जण गेले. जुन्या डागडुजींच्या फेरतपासणीचा नियम तोवर आला होता. या विमानाची पाळी त्याच वर्षअखेर होती. म्हणून डब्लरभोवती डाग किंवा रिव्हेटमागे काळी रेघ दिसली, तर फडका मारण्याआधी लॉगबुक उघडा.

कॉम्पोझिटला (रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बनसारख्या तंतूंच्या थरांना) धातूचे आडाखे लावू नका. बोइंग 787 च्या सांगाड्यात वजनाने जवळपास निम्मं कॉम्पोझिट आहे. पत्र्याला पोचा पडतो, दिसतो. इथे सामानाच्या गाडीचा धक्का बसला, तर रंग शाबूत आणि आतले थर सुटलेले, असं होऊ शकतं. त्यामुळे धक्का लागल्याचं रॅम्पवरच्या (विमानं उभी करतात त्या जागेवरच्या) माणसाने लगेच कळवणं हा आता सुरक्षेचाच भाग धरला जातो. त्याला दंडाची भीती घातलीत, तर तो गप्प बसणार, हे उघड आहे. आणि पॅनलवर नाणं वाजवून आवाज ऐकणं पातळ थराच्या पॅनलला ठीक. जाड थरांना अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी, लागते. कुठे काय वापरायचं ते एसआरएममध्ये (सांगाडा दुरुस्तीच्या मॅन्युअलमध्ये) असतं. हातात छापील पानं असतील, तर आधी रिव्हिजन नंबर चालू आवृत्तीशी जुळवून घ्या.