आफ्रिकेतल्या चित्रपट महोत्सवाला फिल्म पाठवायची आहे?

शॉर्टफिल्म एडिट टेबलवरून उतरली की आपल्याकडे पहिली धाव कान-बर्लिनकडे असते. आफ्रिका यादीत असलीच तर तळाला. पाठवायचं ठरवलंत, तर सगळ्यात आधी एकच बघा: तो महोत्सव तुमच्या फिल्मसाठी आहे का?

बुर्किना फासोच्या वागाडुगूमधला फेस्पाको महोत्सव १९६९ पासून चालू आहे. तो दर दोन वर्षांनी, एरवी विषम वर्षी फेब्रुवारीअखेरीस भरतो. तिथला सर्वोच्च मान म्हणजे ‘येनेंगाचा सुवर्ण अश्व’, आणि तो आफ्रिकी दिग्दर्शकांसाठी आहे. त्यामुळे पुण्यातल्या दिग्दर्शकाने मुख्य स्पर्धेचा फॉर्म भरण्यात अर्थ नाही. ट्युनिसियाच्या ट्युनिस शहरातला कार्थेज महोत्सव १९६६ चा, त्याचाही मुख्य भर अरब आणि आफ्रिकी सिनेमावर. तुम्ही निर्माते आणि दिग्दर्शक केनियाचा किंवा सेनेगलचा असेल, तर मात्र हे दरवाजे उघडे आहेत.

मराठी फिल्मसाठी दोन ठिकाणं खरी. दक्षिण आफ्रिकेतला डर्बन महोत्सव १९७९ पासून जगभरच्या फिल्म घेतो आणि साधारण जुलैत भरतो. त्या शहरात भारतीय वंशाची वस्ती मोठी, त्यामुळे आपली माणसं-घरं तिथे अगदीच परकी वाटत नाहीत. दुसरं टांझानियातलं झांझिबार बेट. हा महोत्सव स्वतःला ‘डाऊ देशांचा’ म्हणवतो, म्हणजे मोसमी वाऱ्यावर डाऊ, ही शिडाची गलबतं, ज्या किनाऱ्यांना लागायची ते सगळे देश. त्यात भारत आलाच. गोव्याची माणसं झांझिबारला जाऊन स्थायिक झाली तीही याच समुद्रावरून. फिल्ममध्ये समुद्र, स्थलांतर, बंदर असं काही असेल, तर मी आधी इथेच पाठवेन.

मग नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. फिल्म कोणत्या तारखेनंतर पूर्ण झालेली हवी, लांबीची मर्यादा किती, आणि ती यूट्यूबवर आधीच टाकलेली चालते का, या तीन गोष्टींवर बरेच अर्ज पहिल्या फेरीतच गळतात. फिल्म ‘जरा मित्रांना दाखवू’ म्हणून सार्वजनिक केली असेल, तर अर्जाआधी ती खासगी करा.

सबटायटलवर मात्र खर्च करा. डर्बन, झांझिबारला इंग्रजी पुरतं. वागाडुगू आणि ट्युनिसला फ्रेंच हवंच असं धरून चला. एका वेळी पडद्यावर दोन ओळींपेक्षा जास्त नकोत, आणि पुढचा शॉट लागला तरी मागचं वाक्य रेंगाळत राहायला नको. भांडणाच्या सीनमध्ये तिघं एकदम बोलतात तिथे सगळं भाषांतर करायचा हट्ट सोडा, ज्याच्या वाक्यावर गोष्ट पुढे सरकते तेवढंच घ्या. तयार झालं की मराठी न येणाऱ्या एखाद्याला फिल्म आवाज बंद करून दाखवा. तो कुठे अडखळतो ते लगेच कळतं.

अर्ज बहुतेक ठिकाणी फिल्मफ्रीवे या महोत्सवांचे अर्ज घेणाऱ्या साइटवर किंवा महोत्सवाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरतात. सारांश, दिग्दर्शकाचं छोटं मनोगत, पोस्टर, दोन-तीन मोठे स्टिल्स आणि श्रेयनामावली एका फोल्डरमध्ये ठेवा. सेटवरचे सेल्फी स्टिल्स नव्हेत. प्रिव्ह्यू लिंकला पासवर्ड द्या आणि निकाल लागेपर्यंत तो बदलू नका. निवड समितीसमोर कुलूपबंद पान आलं तर ती तुम्हाला फोन करून विचारत बसत नाही. शक्यतो पहिल्या मुदतीतच भरा, फी कमी लागते. ‘आफ्रिकन’ असं भारदस्त नाव, दर महिन्याला बक्षिसं आणि थिएटरचा पत्ताच नाही, अशा महोत्सवाला एक रुपयाही देऊ नका.

गाण्याचे हक्क लेखी घ्या. ओळखीच्या गायकाने ‘वापर रे’ म्हटलेलं इथे चालत नाही.

निवड झाली की डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची डिजिटल प्रत, मागतात. तो सेकंदाला २४ फ्रेमवर बनवून घ्या आणि पाठवण्याआधी एखाद्या खऱ्या थिएटरमध्ये चालवून बघा, विशेषतः आवाज. हार्ड डिस्क कुरियर करायची वेळ आली, तर कागदांवर ‘महोत्सवातील प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर कस्टम्समध्ये अडकते.

स्वतः जाणार असाल तर निमंत्रणपत्र हातात येताच व्हिसाला लागा. वागाडुगूला जायचं तर पिवळ्या तापाची लसही निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र परत येताना आपल्या विमानतळावरही मागतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, तेव्हा अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा.