गच्चीवरचा सोलर: सरकारी अनुदान की खासगी कंपनीचा करार?

कोटेशन मागवण्याआधी सोसायटीच्या कॉमन मीटरचं बिल काढा. त्यावर ग्राहकाचं नाव, मंजूर भार आणि मागच्या बारा महिन्यांचा वापर बघा. नव्या संकुलांत मीटर अजून बिल्डरच्याच नावावर असू शकतो. तसं असेल तर आधी महावितरणकडे नावबदल (ठाण्यातल्या कळवा-मुंब्र्यात टोरंट या खासगी वीज कंपनीकडे). बिलावरचं आणि बँक खात्याचं नाव जुळलं नाही की अनुदान अडकतं.

एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, पावसाळ्यात बराच कमी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून महिन्याला २,४०० युनिट जात असतील तर २० किलोवॅट पुरे. त्याला सावली नसलेली सुमारे २,००० चौरस फूट गच्ची लागते. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांची सावली डिसेंबरात सर्वांत लांब पडते, मोजमाप त्या हिशोबाने करा. मंजूर भार कमी असेल तर आधी वाढवून घ्या.

आता पैसा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे २० किलोवॅटला ३,६०,०००. मर्यादा घरामागे ३ आणि एकूण ५०० किलोवॅट. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत. विक्रेता पोर्टलवर नोंदणीकृत हवा आणि पॅनेलमधले सेलही भारतीय बनावटीचे हवेत. ही पॅनेल महाग पडतात, त्यामुळे अनुदानाचा काही भाग तिथेच जातो. शिवाय रक्कम येते ती नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) बसून तपासणी झाल्यावर. तोवर पूर्ण खर्चाची सोय सोसायटीलाच करावी लागते. सिंकिंग फंडावर डोळा ठेवू नका, तो मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो.

दुसरा मार्ग रेस्कोचा: कंपनी स्वतःच्या पैशाने संच बसवते, सोसायटी युनिटप्रमाणे पैसे देते. ‘शून्य गुंतवणूक’ ऐकून सर्वसाधारण सभा खूश होते, पण करार १५ ते २५ वर्षांचा असतो. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या जुन्या इमारतीत तेवढ्या काळात पुनर्विकास येणारच. करार मोडताना कोणत्या वर्षी किती रक्कम द्यायची याचा तक्ता करारातच जोडून घ्या. वॉटरप्रूफिंगसाठी पॅनेल उतरवली तर बुडालेल्या युनिटचे पैसे कोण भरणार, तेही लिहून घ्या. कंपनी अनुदान घेणार असेल तर ते दरात कुठे उतरलं हे विचाराच. दराची तुलना वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्काच्या बेरजेशी करा. स्थिर आकार सोलर लावूनही भरावाच लागतो.

आमचं मत सरळ आहे: इमारत ठणठणीत आणि गंगाजळी बरी असेल तर स्वतःचा संच आणि अनुदान. पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली असेल तर दोन्ही नको.

बसवताना स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे वापरा. पण त्यांचं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि सांगाडा ४४ मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला टिकेल असं लेखी मागा. खाडीच्या खाऱ्या हवेत साधा रंगवलेला सांगाडा लवकर गंजतो. हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून थर दिलेलं) लोखंड आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्टच हवेत. अर्थिंगचे खड्डे तीन: वीजरोधक, डीसी (पॅनेलमधून येणारी वीज) आणि एसी (इन्व्हर्टरने बदललेली वीज) यांसाठी वेगवेगळे. एकाच खड्ड्यात सगळं गुंडाळलं तर वीज पडली की इन्व्हर्टर जाऊ शकतो. शेवटचा दहा टक्के हप्ता नेट मीटर लागेपर्यंत हातातच ठेवा.